आमटीतला गूळ राहू द्या, चहाकडे पाहा

वजन कमी करायचे ठरले की पुण्यातल्या मराठी घरात पहिली कुऱ्हाड आमटीतल्या गुळावर पडते. गोडा मसाला, आमसूल आणि गूळ या तिघांच्या मेळावर उभी असलेली आमटी एका दिवसात पथ्याची होऊन जाते, घरातली माणसे मुकाट्याने ती भातावर ओढून घेतात, आणि ज्याच्यासाठी हे सारे चाललेले असते तो दुपारी चार वाजता कचेरीबाहेरच्या अमृततुल्यापाशी उभा राहून दिवसातला तिसरा चहा घेत असतो. साखर कमी करणे हा आधी हिशेबाचा विषय आहे आणि मग त्यागाचा, असे माझे मत आहे, आणि हिशेब मांडला तर आमटी निर्दोष सुटते.

चौघांच्या आमटीत सुपारीएवढा, म्हणजे सुमारे १० ग्रॅमचा खडा पडतो. एकाच्या वाटीत त्यातले अडीच ग्रॅम येतात आणि त्यांच्या कॅलरी जेमतेम १० भरतात. काकडीच्या कोशिंबिरीतली किंवा पोह्यांवरची चिमूटभर साखर तर त्याहूनही किरकोळ असते. चहाचे तसे नाही. चहाच्या चमच्यात सपाट भरली तरी ४ ते ५ ग्रॅम साखर मावते, आणि ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर दोन-दोन चमच्यांच्या तीन चहांतून २५ ते ३० ग्रॅम साखर आणि १०० ते १२० कॅलरी रोज पोटात जातात. त्यातून अमृततुल्याचा चहा साखरेसकटच उकळलेला असतो. ‘साखर कमी’ असे सांगून तिथे उपयोग नसतो, कारण ती पातेल्यात केव्हाच विरघळलेली असते.

या आकड्यांना अर्थ येतो तो मर्यादेशेजारी ठेवल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेत मुक्त साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा, आणि तो ५ टक्क्यांच्या खाली नेता आला तर अधिक बरे. आपण, हलवायाने किंवा कारखान्याने पदार्थात घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर ही सगळी मुक्त साखर; अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर तीत धरलेली नाही. वजन उतरवण्यासाठी कोणी १,५०० कॅलरींचा आहार ठरवला असेल, तर १० टक्क्यांचे सुमारे ३७ ग्रॅम होतात आणि ५ टक्क्यांचे १९ ग्रॅमही होत नाहीत. ही दुसरी मर्यादा दुसऱ्या चहालाच गाठली जाते, आणि त्या वेळी आपण अजून काही गोड खाल्लेले आहे असे कोणालाही वाटत नाही.

साखरेला पर्याय म्हणून गुळाचा जो बोलबाला झाला आहे, त्याचे मला आश्चर्य वाटते. मार्केट यार्डातला साधा गूळ असो की प्रदर्शनातून दुप्पट भावाने आणलेला सेंद्रिय, १०० ग्रॅमला साखरेच्या सुमारे ४०० कॅलरी असतील तर गुळाच्या ३८० च्या आसपास असतात. गुळात लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे, पण वजन सांभाळणाऱ्याने जेवढा गूळ खावा तेवढ्यातून मिळणारे लोह नगण्य असते, आणि लोहासाठी भरपूर गूळ खायचा तर वजनाचा विषयच सोडून द्यावा लागेल. सकाळच्या कोमट पाण्यातल्या मधाची गोष्टही वेगळी नाही: मधाच्या मोठ्या चमच्यात सुमारे ६० कॅलरी असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्याच असतात. ‘साखर न घालता’ केलेले खजुराचे लाडू पौष्टिक असतीलही, पण पौष्टिक पदार्थ हलका असतो असे नाही. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग साखरेचा असतो, आणि लाडवातले तूप आणि सुका मेवा त्यावर आणखी चढतो.

सकाळी टेकडी उतरून रस प्यायची आपल्याकडे जी रीत आहे, तिच्याविषयीही बोलले पाहिजे. दुधीचा किंवा कारल्याचा रस एक वेळ ठीक आहे. मात्र संत्री आणि मोसंबी पिळून चोथा फेकून दिला की फळातला पोट भरणारा भाग जातो आणि तीन-चार फळांची साखर दोन घोटांत उरते. तेवढी फळे सोलून खायला बसलो तर दोनातच थांबू. पातळ पदार्थातून गेलेल्या कॅलरींनी भूक फारशी भागत नाही आणि पुढच्या जेवणात त्यांची भरपाईही होत नाही. त्यामुळे उसाचा रस, शीतपेय आणि मस्तानी यांना मी मिठाईहून वरच्या क्रमांकावर ठेवतो. शीतपेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अख्ख्या फळांची मात्र धास्ती घेऊ नये. हापूसच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ६० कॅलरी असतात. आमरसाच्या वाटीत तीन आंबे, वर साखर आणि शेजारी पुऱ्या आल्या की गणित बिघडते, म्हणून आमच्याकडे आता आंबा बहुधा चिरून खातात.

पाकिटांच्या बाबतीत समोरची बाजू वाचूच नये, मागची वाचावी. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि पोषणाच्या तक्त्यात ‘वरून घातलेली साखर’ वेगळ्या ओळीत दिलेली असते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी नावे दिसली की ती साखरच समजावी. नाचणी किंवा ज्वारीचे नाव मिरवणाऱ्या बिस्किटांत मैदा आणि साखर कितव्या क्रमांकावर आहेत, हे पाहण्यासारखे असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांद्र रसात पाणी मिसळून तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा हटवण्याचा आदेश दिला. घरोघरी मुलांच्या नावाने आणलेल्या या डब्यांचा मोठा वाटेकरी पुष्कळदा घरातला मोठा माणूस असतो, म्हणून हे इथे सांगितले.

‘मी काही जाड नाही, मला कशाला हे सगळे’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलेच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२ च्या थोडा वर, म्हणजे सारखाच. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. बारीक हातापायांचे आणि सुटलेल्या पोटाचे मराठी शरीर काट्यावर निर्धास्त दिसते, म्हणून मी वजनाबरोबर कंबरही मोजतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ मानतात.

प्रत्यक्ष करायला सोपे तेच टिकले. चहातली साखर मी एकदम बंद न करता अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरवली. दर पायरीला जीभ काही दिवस कुरकुरते आणि मग आधीचाच चहा पाकासारखा लागू लागतो. गोडीच्या गोळ्या मात्र घेतल्या नाहीत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायी गोडव्यांचा आधार घेऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली आहे (आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही), आणि गोळीने जिभेची सवय तशीच राहते असा माझाही अनुभव आहे. सणांना हात लावला नाही. पुरणपोळीत डाळीइतकाच गूळ असतो आणि श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते, हे ठाऊक असूनही होळीला आणि पाडव्याला ती पोटभर खावीत. आक्षेप आहे तो बारा महिने फ्रिजमध्ये असणाऱ्या श्रीखंडाच्या डब्याला आणि जेवणानंतर त्यात जाणाऱ्या चमच्याला.

साखर घटवूनही काटा हलला नाही तर पोळ्यांची संख्या, फोडणीचे तेल, शेंगदाण्याचे कूट आणि चहाबरोबरची खारी तपासावी लागते, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीपुढे आठवावी लागते. ताक, उसळ आणि पिठले ताटात वाढले की दुपारची गोडाची ओढ बरीच कमी होते. आमच्या आईचा चहा मात्र मी तिच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलला नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना गोड आणि जेवण अचानक कमी केले तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते, आणि घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले तर त्या क्षणी साखरच द्यावी लागते.