आझाद मैदानावरचे कुन्हा

माझ्या आजोबांचे लग्न पोर्तुगीज अमदानीत, फोंडा महालात झाले. पत्रिका छापायला देण्यापूर्वी तिचा मजकूर सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून आणावा लागला होता, असे ते सांगत. लहानपणी मला ती अतिशयोक्ती वाटे. पुढे मुक्तिलढ्याविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात गोव्यात खरोखरच लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सारे छापील शब्द आधी सेन्सॉरच्या हाताखालून जात, आणि परवानगीवाचून सभा भरवणे हा गुन्हा होता. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, म्हणजेच टी. बी. कुन्हा, या गोवा मुक्तिलढ्यातील नेत्याविषयी मला जे ममत्व वाटते त्याचे मूळ आजोबांच्या त्या आठवणीत आहे.

कुन्हांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी चांदर येथे एका सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यात झाला. पाँडिचेरीत शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले, तेथे विद्युत अभियांत्रिकी शिकले, आणि तेथेच त्यांची लेखणी राजकारणाकडे वळली. जालियनवाला बागेतील हत्याकांड आणि गांधीजींचे कार्य त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे मांडले. १९२६ साली ते गोव्यात परतले, त्याच वर्षी लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. पोर्तुगालमध्ये १९१० साली आलेल्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना समान नागरिकत्व दिले होते. त्यानंतरच्या वर्षांत येथे मराठी शाळा आणि नियतकालिके बहरली. ते मोकळे वारे आता कोंडले जाऊ लागले. १९३० च्या वसाहत कायद्याने तर गोमंतकीयांचे दुय्यम स्थान कागदावरच आणले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध सरकारी कौन्सिलात ठराव मांडून गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. ते कुन्हांचे मेहुणे होते.

त्याआधी, १९२८ साली, कुन्हांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. तिला राष्ट्रीय काँग्रेसशी जोडून घेण्यात त्यांना यश आले, पण गोवा परकीय मुलूख ठरत असल्याने १९३४ मध्ये ती संलग्नता संपली आणि १९३८ मध्ये कमिटीचे काम मुंबईतून सुरू झाले. आपलीच संस्था आपल्याला हात देईनाशी झाली तरी या माणसाने पुस्तिका लिहिणे, पत्रे पाठवणे, माणसे जोडणे थांबवले नाही. या संथ कामाबद्दल मला विशेष आदर आहे. त्यात टाळ्या नव्हत्या, तुरुंग मात्र केव्हाही होऊ शकत होता.

त्यांच्या कार्यातील एका प्रकरणाचा उल्लेख आपल्याकडे फारच ओझरता होतो. गोव्यातील कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांत कामाला नेले जात होते. जमीन नाही, अक्षरओळख नाही, मतदानाचा हक्क नाही, अशा या लोकांचे तेथे कोणते हाल चालले आहेत हे कुन्हांनी चव्हाट्यावर आणले आणि त्यांना परत आणण्यासाठी आवाज उठवला. चांदरच्या वाड्यात जन्मलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या माणसाला शेतावरच्या कुणब्याचे दुःख आपल्या राजकारणाचा भाग वाटावे, हे त्या काळच्या गोव्यात साधे नव्हते; येथे ख्रिस्ती समाजातही जातीच्या भिंती पक्क्या होत्या आणि हिंदू समाजाविषयी तर बोलायलाच नको. नागरी हक्क म्हणजे सुशिक्षितांचा छापण्या-बोलण्याचा हक्क एवढाच अर्थ त्यांनी घेतला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. तो अर्थ त्यांनी कुणब्याच्या मजुरीपर्यंत नेला, म्हणून मी त्यांना इतरांहून वेगळे मानतो.

त्यांच्या कामाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांनी लिहिले ते प्रामुख्याने इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज सत्तेने गोमंतकीयांना स्वतःच्या संस्कृतीपासून तोडले, असे सांगणारी त्यांची १९४४ ची पुस्तिकाही इंग्रजीतच होती. फोंडा, पेडणे, सांगे येथील मराठी वाचणाऱ्या घरांत त्यांचे विचार उशिरा आणि अर्धवट पोहोचले. आमच्या घरातही लोहियांचे नाव रोजचे होते, कुन्हांचे क्वचितच कानावर पडे.

१८ जून १९४६ रोजी भर पावसात डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली, आणि तो दिवस आपण गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळतो. त्या दिवसाचे मोल मोठेच आहे. मात्र त्या मैदानात जमलेल्या लोकांच्या मनात जी ठिणगी पडली, तिच्यासाठी सरपण रचण्याचे काम अठरा वर्षे चालले होते. महिनाअखेरीच्या मडगावच्या सभेत पोलिसांनी कुन्हांना मारहाण केली. जुलैमध्ये त्यांना अटक झाली, आग्वादच्या किल्ल्यात डांबण्यात आले आणि सामान्य नागरिक असूनही त्यांच्यावर लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. शिक्षा आठ वर्षांची झाली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांना समुद्रापार, पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांच्याही वाट्याला तोच किल्ला आला.

सुटकेनंतरही त्यांना मायदेशी येऊ दिले गेले नाही. १९५३ साली ते पॅरिसमार्गे मुंबईत पोहोचले आणि साठी उलटलेल्या या माणसाने तेथे पुन्हा कमिटी उभारली, ‘फ्री गोवा’ हे पत्र सुरू केले. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त व्हायला आणखी तीन वर्षे लागायची होती. पत्राची धुरा त्यांची भाची बेर्ता मिनेझिस ब्रागांझा यांनी सांभाळली.

१९८६ साली त्यांच्या अस्थी गोव्यात आणून पणजीच्या आझाद मैदानावर ठेवण्यात आल्या. राजधानीतील बहुतेक धरणी आणि उपोषणे याच मैदानावर होतात. गेल्या महिन्यात मी तेथून जात होतो तेव्हा काही कंत्राटी कामगार स्मारकापासून थोड्याच अंतरावर सतरंजी टाकून बसले होते. त्यांनी हाताने रंगवलेले फलक कोकणीत आणि मराठीत होते. मी थांबून ते सगळे वाचले, आणि एका बाईने सरकून मला बसायला जागा करून दिली.