तडा असेल तर तडा लिहायचा

आमच्या लेटरहेडवर ‘लिलाव व मूल्यांकन’ असं छापलेलं असलं, तरी घरातला मूळ धंदा पेंढ्याचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, राजापूरकडून मुंबईला आले आणि फोर्टमधल्या एका लिलावघरात पॅकर म्हणून लागले. रविवारी तिथे जुनं फर्निचर, झुंबरं, काचसामान विकलं जायचं. एकवार, दोनवार, तीनवार झालं, हातोडा पडला, की ती वस्तू अण्णांच्या ताब्यात. लाकडी खोका, तळाला पेंढा, मध्ये वस्तू, वर पुन्हा पेंढा. कपाटं हमाल उचलत, पण चिनी मातीला अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे कपाच्या बुडाशी काय छापलंय ते बघायच्या भानगडीत ते पडत नसत. कप तळहातावर घ्यायचा, नखाने टिचकी मारायची. धड कप टणटणीत वाजतो, तडा गेलेला बद्द.

मी बी.कॉम. झालो आणि हप्त्याने टेम्पो घेतला. नोकरीत रमलो नाही, हे खरं कारण. अण्णांची कला आणि माझा टेम्पो, एवढ्या भांडवलावर जुन्या वस्तूंचं पॅकिंग आणि वाहतूक सुरू केली. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरचे व्यापारी, कुलाब्यातली दुकानं, घर रिकामं करणारी माणसं, अशी गिऱ्हाइकं मिळत गेली. दुसऱ्यांचा माल बांधता बांधता मी त्याचं बूड वाचायला लागलो. तलवारी, मुकुट, एकमेकांत गुंतलेली अक्षरं. वेळ मिळाला की तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये जाऊन सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांनी दिलेल्या युरोपियन वस्तूंपुढे उभा राहायचो. काचेआडच्या वस्तूला टिचकी मारता येत नाही, हीच काय ती अडचण.

पुढे लोक विचारायला लागले, नुसतं बांधताय कशाला, विकूनही द्या. दिलं. आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो.

मेंढपाळ आणि मेंढपाळीण अशी पोर्सेलिनची जोडी होती. बुडाशी निळ्या फुलीसारख्या दोन तलवारी, जर्मनीतल्या माइसेन कारखान्याची खूण. मी यादीत ठोकून दिलं, माइसेन, अठरावं शतक. पुण्याच्या एका संग्राहकाने घेतली आणि तीन आठवड्यांनी दारात आणून ठेवली. ती पॅरिसच्या साम्साँ कारखान्याची नक्कल होती. 1845 मध्ये निघालेल्या या कारखान्याने माइसेनपासून चिनी भांड्यांपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या, आणि त्या इतक्या सफाईदार की आज खुद्द साम्साँचे संग्राहक आहेत. मी संपूर्ण पैसे परत केले, येण्याजाण्याचं भाडंही दिलं. टेम्पोचे दोन हप्ते थकले. अण्णा इतकंच म्हणाले, "तू बूड आधी बघितलंस. आधी वस्तू बघायची." तेव्हापासून आमच्याकडे शिक्का सगळ्यात शेवटी बघतात.

पुढची बरीच वर्षं बेताचीच गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. फोर्टमधली जुनी लिलावघरं एकेक करून बंद पडत होती, आम्ही गिरगावात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तग धरून होतो. 2013 च्या डिसेंबरात क्रिस्टीजने ताजमहाल हॉटेलात भारतातला आपला पहिला लिलाव केला, तेव्हा लोक आम्हाला सांगायला लागले, आता तुमचे दिवस आले. ते चित्रांचे दिवस होते. कपबशीचे नव्हते.

आमचे दिवस आले ते दादर पारशी कॉलनीतल्या एका फोनमुळे. आंटी ऐंशीच्या पुढच्या. दोन मुलं कॅनडात. घर आवरून त्या पुण्याला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. बपावाजींनी, म्हणजे मुलांच्या आजोबांनी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातून आणि मुंबईतल्या लिलावांतून जमवलेला संग्रह तीन काचेच्या कपाटांत आणि जेवणघराच्या भिंतींवर होता. एका व्यापाऱ्याने उक्ती किंमत सांगितली होती, सगळं मिळून एकच आकडा. मुलांना ते सोयीचं वाटत होतं. आंटींना मात्र अपमान वाटला होता. "त्याने कपाट उघडला पण नाय," त्या म्हणाल्या.

मोजदाद करायला आम्हाला सतरा दिवस लागले. 340 वस्तू. रोज चार वाजता आंटी पुदिना घातलेला चहा द्यायच्या आणि आमच्या पोरांना बशीत ओतून पिताना बघून हसायच्या. मी त्यांना सांगितलं, अठराव्या शतकात युरोपातही लोक बशीतून चहा प्यायचे. त्यांना ते पटलं नाही.

त्या कपाटांतलं सगळ्यात मोठं घराणं माइसेनचं. सॅक्सनीचा सत्ताधीश आणि पोलंडचा राजा ऑगस्टस चिनी पोर्सेलिनपायी इतका वेडा होता की 1717 मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला 600 सैनिक दिले आणि बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. पोर्सेलिन बनवायचं चीनचं गुपित युरोपात कुणालाच उलगडत नव्हतं. ते ऑगस्टसने कोंडून ठेवलेल्या ब्यॉटगर नावाच्या किमयागाराला आणि चिर्नहाउस या शास्त्रज्ञाला 1708 च्या सुमारास सापडलं, आणि 1710 मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. सोनं करायला ठेवलेल्या माणसाने कपबशी केली, आणि राजाचं काही बिघडलं नाही.

आंटींकडे माइसेनच्या ‘कांदा’ नक्षीच्या निळ्या प्लेटा होत्या. त्या नक्षीत कांदा कुठेच नाही. चिनी नक्षीतली डाळिंबं आणि पीच जर्मन लोकांनी कांदे म्हणून ओळखली आणि तेच नाव पडलं. वाद्यं वाजवणारी पाच माकडं होती. केंडलर या शिल्पकाराच्या माकडांच्या वाद्यवृंदातली, पण नीट पाहिल्यावर त्यातली दोनच माइसेनची निघाली, बाकीची ड्रेस्डेनच्या आसपासच्या कारखान्यांची. तीन प्लेटांवर ‘एआर’, म्हणजे ऑगस्टस रेक्स, राजा ऑगस्टस, अशी गुंफलेली अक्षरं होती. बपावाजींच्या वहीत त्यापुढे ‘राजाची खाजगी भांडी’ असं लिहिलेलं. राजाने ही अक्षरं वापरली हे खरं, पण एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फझोन यांच्या चित्रशाळेनेही तीच बिनदिक्कत वापरली, माइसेनने कोर्टात जाऊन बंद पाडेपर्यंत. प्लेटा तिथल्या होत्या.

सगळ्यात अवघड प्रकरण दिवाणखान्यातल्या दोन फुलदाण्यांचं. आकाशी निळा रंग, सोन्याचं काम, पोटावर बागेतली जोडपी, मुलामा दिलेले पितळी कान. बुडाशी फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याचे गुंतलेले दोन ‘एल’ आणि मध्ये ‘ई’. सेव्रच्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे 1753, म्हणून ‘ई’ म्हणजे 1757. घरात त्यांना ‘पोंपादूर’ म्हणत, फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या प्रेयसीच्या नावावरून. आता 1757 मध्ये सेव्रकडे कठीण पोर्सेलिन नव्हतंच. त्याला लागणारी पांढरी माती, केओलिन, फ्रान्समध्ये लिमोजजवळ 1768 मध्ये सापडली. त्याआधीचं सेव्र मऊ, साईसारखं, त्यावरचा रंग झिलईत मुरलेला. या फुलदाण्या थंडगार पांढऱ्या, कठीण. म्हणजे ‘ई’ खोटा.

अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण त्यांना आणलं. त्यांनी टिचकी मारली आणि म्हणाले, "ही गळ्यात गेलीय." अतिनील दिव्याखाली धरली, कारण जुना डिंक आणि नंतर मारलेला रंग त्या उजेडात वेगळा चमकतो. काहीच चमकलं नाही. मग कळलं, अशा फुलदाण्या दोन-तीन भागांत करून आतून बोल्टने आवळतात, त्यामुळे धड असली तरी बद्दच वाजते. अण्णा दिवसभर गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "पेंढ्यात आम्ही अशा किती बांधल्या, आणि किती गिऱ्हाइकांना गेलीय म्हणून सांगितलं!"

आंटींना सांगणं माझ्या वाट्याला आलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बपावाजी खोटं नाय बोलायचे. त्यांना कोणी बोलला असेल." ते वाक्य कॅटलॉगात घालता आलं असतं तर घातलं असतं. आम्ही लिहिलं, ‘सेव्र शैली, पॅरिस, एकोणिसावं शतक, शिक्का नंतरचा’.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण लोक रोज विचारतात. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं ओलांडलेली कलावस्तू ही पुराणवस्तू. ती जर्मनीत घडली की फ्रान्समध्ये, याने फरक पडत नाही. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. थोरल्या मुलाला आजोबांची फुलाफुलांची चहादाणी हवी होती. ड्रेस्डेनहून आलेली चहादाणी टोरांटोला जाऊ शकली नाही. त्याऐवजी त्याने रोझेनथालचा कॉफी सेट घेतला, जो शंभराच्या आतला होता, आणि तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून काढला. या कायद्यामुळेच इथला बाजार बंद खोलीतला आहे. बाहेरचा खरेदीदार बोली लावायला येत नाही आणि युरोपातला भाव इथे मिळेलच असं नाही. आमच्यासारख्यांनी हे वस्तू घेतानाच मालकाला सांगायला हवं. सगळे सांगत नाहीत.

दुसरं दुखणं व्यापाऱ्यांच्या संगनमताचं. चार जण ठरवून एकमेकांवर बोली चढवत नाहीत, एकाच्या नावावर स्वस्तात उचलतात आणि नंतर मागच्या गल्लीत आपसात दुसरा लिलाव करतात. त्यावर उपाय दोनच, राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकायची नाही ती, नीट ठरवणं आणि हॉलमध्ये व्यापारी नसलेली माणसं आणणं. दुसऱ्यासाठी आम्ही तीन दिवस प्रदर्शन ठेवलं आणि ज्याला हवं त्याला वस्तू हातात घेऊ दिली.

त्यातच आमच्या पोराच्या हातून कांदा नक्षीची एक प्लेट निसटली. मी आंटींना फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता. त्या हसल्या. "चोवीस होत्या. सात माझ्याच लग्नात फुटल्या. तू एकच फोडली ने?" तिची राखीव किंमत आम्ही भरली.

प्रदर्शनात वाळकेश्वरचे एक जैन गृहस्थ प्रत्येक इंग्रजी टी सेटपुढे थांबून विचारत होते, यात हाड आहे का. बोन चायनात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते, तेव्हा वूस्टरच्या कपांपाशी त्यांना हो म्हणावं लागलं. माइसेन आणि कोपनहेगनमध्ये ती नसते. त्यांनी कोपनहेगन घेतलं. तेव्हापासून आमच्या कॅटलॉगात ‘हाडांची राख: आहे / नाही’ असा रकाना असतो. लंडनच्या कॅटलॉगात मला तो कधी दिसलेला नाही.

लिलावाच्या दिवशी अंदाज बरेच चुकले. खोट्या शिक्क्याच्या ‘पोंपादूर’ फुलदाण्या, सगळं खरं खरं लिहूनही, राखीव किमतीच्या कितीतरी वर गेल्या, कारण दोन हॉटेलवाल्यांना त्या लॉबीत हव्या होत्या. खऱ्या माइसेनच्या माकडाला, एक बोट तुटलेलं म्हणून, जेमतेम गिऱ्हाईक मिळालं. आणि संग्रहातली सगळ्यात जुनी वस्तू, कान नसलेली एक छोटी वाटी, अठराव्या शतकातली, ती टॉर्च घेऊन आलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एकाच बोलीत घेतली. तिच्यावर सोनं नव्हतं, माणसं नव्हती, फुलदाणीइतकी उंचीही नव्हती. मला वाईट वाटलं, पण चुकीच्या माणसाकडे गेली नाही.

व्यापाऱ्याच्या उक्त्या आकड्यापेक्षा हिशोब पुष्कळ वर बसला. त्या एका लिलावावर आम्ही लॉकडाऊनची दोन वर्षं काढली. मुलीने तेव्हाच ऑनलाइन बोली सुरू केली. फोटोत टिचकी ऐकू येत नाही, म्हणून ती प्रत्येक टवक्याचा आणि केसाएवढ्या चिरेचा वेगळा फोटो काढते, शेजारी मोजपट्टी ठेवून. सुरुवातीला मला वाटलं, असं केलं तर घेणार कोण. आता गिऱ्हाइकं तेच फोटो आधी मागतात. पेंढा गेला. आधी पातळ कागद, मग बबल रॅप, मग खोक्यात खोका. बबल रॅप थेट गुंडाळला तर पोर्सेलिनच्या बारीक लेसमध्ये अडकतो, हे एका नर्तकीच्या पुतळीची झालर घालवून शिकलो.

कांदा नक्षीच्या उरलेल्या सोळा प्लेटा कोल्हापूरच्या एका ताईंनी घेतल्या. त्यांचा फोन आला, यात रोज जेवलं तर चालेल का. निळा रंग झिलईच्या खाली आहे, सोन्याची कड नाही, हाताने धुवा, मी म्हणालो. महिन्याभराने त्यांनी फोटो पाठवला. प्लेटीत थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. पुण्याला गेलो तेव्हा आंटींना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, थालीपीठ सोडून प्लेटीच्या कडेवर बोट ठेवलं.

"हा टवका तू लिहिला होता ने?"

लिहिला होता. लॉट 88, तिसरी प्लेट, दोन मिलिमीटर.