खर्ज कुणाचा?

आमच्या गावभागातल्या भजनात बुवा काळी तीनला (पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला) सूर लावतात आणि माझ्या हातात टाळ येतात. अठरा वर्षं हेच. माझा आवाज खालचा, वर चढला की फाटतो. "अण्णा, तुम्ही आपले टाळच धरा," असं सगळे प्रेमानंच म्हणतात म्हणा.

गेल्या आठवड्यात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, काढायला मिरजेला गेलो होतो. कारागीर घोडी घासत होते, तारेखाली दोरा सरकवून पुन्हा पुन्हा छेडून बघत होते. मी बाजूला कानात इअरफोन घालून बसलो. रखमानिनॉव्ह हा रशियन संगीतकार लावला होता. (नावातच रखमा, म्हणून लक्षात राहिला.) त्यांची १९१५ सालची 'ऑल-नाइट व्हिजिल', म्हणजे सणाच्या आदल्या रात्रीच्या जागराची प्रार्थना. वाद्य एकही नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये देवापुढे नुसता गळा चालतो. मृदंगाशिवाय देव? बुवा मला वेड्यात काढतील. भाषा चर्च स्लाव्होनिक. आपल्याला ज्ञानेश्वरी लागते तशी आजच्या रशियनांनाही ती अडखळतच लागते.

त्यातलं पाचवं पद. म्हातारा शिमोन बाळ येशूला हातावर घेऊन म्हणतो, डोळे भरून पाहिलं, आता या दासाला जाऊ दे. शेवटी खर्जातले गायक पायरी पायरीनं उतरतात ते थेट मंद्राच्याही खालच्या काळी पाचवर. घरी पेटीवर शोधायला गेलो तर डावीकडे पट्ट्याच संपल्या! असले गळे आणायचे कुठून, म्हणून गायकवृंदाचे संचालक दानिलिन यांनीही मान हलवली होती म्हणे. पण मिळाले. हे पद आपल्या अंत्यविधीला गावं, अशी रखमानिनॉव्हची इच्छा होती.

१९१५ नंतर दोनच वर्षांत रशियात क्रांती झाली आणि ज्या सिनोडल या चर्चच्या गायकवृंदानं ही प्रार्थना पहिल्यांदा गायली तो मोडला. पुढे स्विरिदॉव्ह या रशियन संगीतकारांनी १९७३ मध्ये नाटकाच्या निमित्तानं प्रार्थनेचे सूर रंगमंचावर आणले. १९८८ मध्ये, रशियाच्या बाप्तिस्म्याला हजार वर्षं झाली तेव्हा, श्चेद्रिन या दुसऱ्या संगीतकारांनी गायकवृंदासोबत चक्क बासरी घेतली. मला ती जरा नटवी वाटते. त्याआधीचा संगीतकार श्निट्केंचा गायकवृंदासाठीचा कॉन्सर्टो मात्र अंगावर येतो. शब्द नारेकात्सी या दहाव्या शतकातल्या आर्मेनियन साधूचे, अभंगातल्या 'पतित मी' जातीचे.

कारागिरांनी हात पुढे केला. एक इअरफोन दिला. घोडीवर बोट तसंच ठेवून त्यांनी ऐकलं.

"खर्ज कुणाचा?"

"माणसांचा."

ते गप्प झाले. मग तंबोऱ्याकडे बघत म्हणाले, "हा काळी तीनला कुणासाठी लावलाय? तुमचा आवाज तर काळी एकचा. जाड तारा घालाव्या लागतील."

घाला म्हटलं. बुवांना अजून सांगितलेलं नाही.