दारू नव्हती, तरी गाडी थांबली

आडगावच्या ट्रक टर्मिनलवरून पहाटे फोन आला की मागणी ठरलेली : "ड्रायव्हर पिऊन आलाय, लॉक काढून द्या." ट्रकना दारूचं लॉक बसवणं हा माझा धंदा. केबिनमधल्या नळीत फुंकायचं; श्वासात मद्य निघालं तर स्टार्टरच्या रिलेला करंट मिळत नाही. चालू इंजिन मात्र ते कधीच बंद पाडत नाही.

त्या दिवशी पिंपळगावहून वाशीला निघालेली द्राक्षांची गाडी होती. चहाला थांबली आणि पुन्हा चालू होईना. शेठ आणि मुकादम दोघांचाही निकाल देऊन झाला होता. ड्रायव्हर मामा पायरीवर बसलेले, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. "माळकरी आहे हो मी, साहेब," एवढंच पुन्हा पुन्हा.

मला वास खटकला. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा, म्हणजे ॲसिटोनचा. द्राक्षांच्या गाडीत त्या गोडसर वासाकडे कोण बघतंय! आणि लॉक होतं स्वस्तातलं, सेमीकंडक्टर सेन्सरचं. त्यातल्या टिन ऑक्साइडच्या तापलेल्या थराला मद्य काय आणि ॲसिटोन काय, सारखंच. दुसऱ्या प्रकारच्या, फ्युएल सेलच्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमवर मद्याचं ऑक्सिडेशन होऊन करंट तयार होतो, ॲसिटोनला तो दाद देत नाही. हे मी प्रत्येक मालकाला खरेदीआधी समजावतो. ते मान हलवतात आणि स्वस्तातलं घेतात.

माझं फ्युएल सेलचं हातयंत्र काढलं. मामांना चूळ भरायला लावली. तोंडात मद्याचा अंश राहिला असेल तर तो जायला १५ मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि दोनदा आडोशाला जाऊन आले. बसल्याजागी धाप लागत होती. मग फुंकले. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, इथे शून्य.

"मग काढा की लॉक! माल खराब होईल," मुकादम म्हणाला.

"मामा, शुगर आहे का तुम्हाला?"

होती. इन्सुलिन घरीच राहिलं होतं. ते नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, चरबी जळत राहते आणि ॲसिटोन श्वासात उतरतं. माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. मी लॉकला हात लावला नाही. मामांना माझ्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. तिथून सरळ आयसीयूत. कीटोॲसिडोसिस. आता बरे आहेत. "पिऊन आला" म्हणणाऱ्या मुकादमाने त्यांची साधी चौकशीही केली नाही, याचा मला राग आहे.

अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला, की नव्या प्रवासी मोटारींनी चालक गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का ते स्वतःहून ओळखावं. त्यात रक्तातलं मद्य मोजण्याबरोबर चालकाच्या वागण्यावर लक्ष ठेवण्याचाही मार्ग आहे. मला तो दुसरा मार्ग महत्त्वाचा वाटतो. कारण त्या पहाटे चांगला सेन्सर असता तर त्याने अचूक शून्य दाखवलं असतं, स्टार्टर फिरला असता आणि मामा तसेच कसारा घाटात उतरले असते.

शेठनी आता सगळ्या गाड्यांना फ्युएल सेल बसवायला सांगितलंय. मी बसवतोय. सोबत एक मागितलं : गाडी सुटण्याआधी मुकादमाने ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलावं, जेवला का, झोपला का, औषध घेतलं का.

"सीझनमध्ये कोणाला वेळ आहे?" शेठ म्हणाले.