तुम्ही विचारलंत म्हणून: प्लांट असून मासे मेले कसे?

सांडपाण्याचा प्लांट असूनही नदीतले मासे मेलेच कसे, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि आठवडी बाजारातही विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते, माझा चेहरा पाहायचा असतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या आमच्या नगर परिषदेच्या प्लांटवर मी ऑपरेटर आहे, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो.

घाण नदीत थेट गेली तर तिथले जिवाणू तिचा फडशा पाडतात, पण त्यासाठी लागणारा प्राणवायू ते माशांच्या तोंडचा काढून घेतात. प्लांट हाच व्यवहार नदीच्या आधी टाकीत उरकतो आणि लागणारी हवा ब्लोअरने पुरवतो. येणाऱ्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल याचे माप, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्लांटमधून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेने महानगरांना २० आणि आमच्यासारख्या गावांना ३० ची मर्यादा घालून दिली. रोज सकाळी मी टाकीतले पाणी लिटरच्या काचेच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवतो. तपकिरी गाळ तळाशी बसून वर पाणी निवळले आणि ओल्या मातीसारखा वास आला, की जिवाणू ठणठणीत आहेत असे समजायचे. गाळ काळा पडून सडक्या अंड्यांचा वास आला, की ते गुदमरले.

त्या मे महिन्यात वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि दोन दिवस वीज आली नाही. पाऊस नावापुरताच पडला होता, त्यामुळे नदीला धार नव्हती, नुसते डोह उरले होते. आमच्या जनरेटरवर एक तर शहराचे सांडपाणी उचलणारे पंप चालले असते, नाही तर ब्लोअर. मोठ्या जनरेटरची मागणी वरच्या कार्यालयात कधीची पडून होती. मी ब्लोअर चालवले आणि सांडपाणी थेट नदीत सोडणारे बायपासचे गेट उघडले. टाकीतले जिवाणू मेले असते तर नवे वाढवायला आठवडे लागले असते आणि तितके आठवडे सगळी घाण नदीत गेली असती, हा हिशेब मी आजही कोणासमोरही मांडायला तयार आहे. खालच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला, पण टॉवरही बंद होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिथले मासेमारी करणारे एक ढिवर काका प्लांटच्या फाटकाशी आले आणि त्यांनी घमेले माझ्यापुढे ठेवले. त्यात सगळे रोहू होते, कल्ले पसरलेले, तोंडे उघडी. “मरळ तेवढी जित्ती हाय जी, बाकी सारा डोह पांढरा झाला,” ते म्हणाले. मरळ पाण्यावर येऊन हवेत श्वास घेते, म्हणून ती वाचते, एवढे मला ठाऊक होते, आणि नेमके तेच मी त्यांना समजावू लागलो. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी विचारले, “तुमचे जंतू वाचले का?” वाचले होते. मी हो म्हणालो.

नोकरीला लागलो तेव्हा मला वाटे की नोंदवहीतला आकडा मर्यादेत बसला म्हणजे नदी वाचली. त्या वेळच्या मला आज सांगायचे आहे की आकडा बसला तरी पाण्यातले नत्र आणि स्फुरद बरेचसे तसेच पुढे जाते, त्यावर जलपर्णी पोसते, आणि जोडणी न झालेल्या वस्त्यांचे नाले तर प्लांटचे तोंडही पाहत नाहीत. यावर तो त्या वेळचा मी विचारील, की मग प्लांट बंद करून दाखवा, आणि तेही बरोबरच आहे, कारण त्या दोन दिवसांत नदीने प्लांटवाचून राहूनच दाखवले होते.

वीज पुन्हा तशी गेली तर मी डिझेल ब्लोअरलाच देईन. काकांना हे मी सांगितले आहे. त्यांना ते पटलेले नाही, आणि डोह त्यांचा असल्यामुळे त्यांना ते पटावे असा आग्रह मला धरता येत नाही.