तुम्ही विचारलंत म्हणून : मोर्सचा तक्ता मी का देत नाही

बेळगावात कुठंही हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं घरून रेडिओवर जगाशी बोलण्याचा विषय काढला, की कॉलेजातली पोरं भोवती जमतात. अँटेना बघतात, रिगची, म्हणजे रेडिओ सेटची, बटणं फिरवून बघतात आणि उठता उठता एक जण हमखास म्हणतो, "काका, तेवढा मोर्सचा तक्ता टाका की व्हॉट्सअ‍ॅपवर. पाठ करून टाकतो." परवा खानापूरच्या एका शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांसाठी तोच मागितला. मी तक्ता पाठवत नाही, आणि का ते दारात उभ्याउभ्या सांगता येत नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय, म्हणून आज नीट लिहितो.

मोर्स म्हणजे तारेची भाषा: छोटा आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ. तक्त्यात प्रत्येक अक्षरापुढं टिंबं आणि रेघा छापलेल्या असतात. त्या डोळ्यांनी पाठ होतात, अगदी दोन दिवसांत होतात. अडचण पुढं येते. हेडफोनमधून आवाज आला की तो मोजायचा, मोजलेल्याची मनात टिंबं-रेघा करायची आणि मग डोक्यातल्या तक्त्यात ते अक्षर शोधायचं, अशी तीन कामं एका अक्षरामागं करावी लागतात. तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात.

जरा हिशेब बघा. मोर्समध्ये सगळं माप टिंबाचं. रेघ तीन टिंबांएवढी. अक्षराच्या आतली फट एका टिंबाची, दोन अक्षरांमधली तीन टिंबांची आणि दोन शब्दांमधली सात टिंबांची. वेग ठरवायला इंग्रजीतला 'पॅरिस' हा शब्द धरतात, कारण शेवटच्या फटीसकट तो बरोबर ५० टिंबांचा भरतो. मिनिटाला ८ शब्दांचा वेग असेल तर एक टिंब १५० मिलिसेकंदांचं होतं. १५ शब्दांना ते ८० वर येतं, २० शब्दांना ६० वर. मी परीक्षा दिली तेव्हा हॅम लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या ग्रेडला मोर्स नव्हतं आणि जनरल, म्हणजे वरच्या ग्रेडला मिनिटाला ८ शब्द घ्यायचे (ऐकून लिहायचे) आणि पाठवायचे होते. ८ शब्दांना तक्तेवाला माणूस कसाबसा तग धरतो. पासही होतो. मग रेडिओसमोर बसतो, समोरचा पंधराच्या वेगानं बोलायला लागतो, आणि मोजणं तिथंच संपतं. यातली बरीच हुशार पोरं पुढं मोर्स पाठवायची 'की' (दाबायची कळ) कपाटात ठेवून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कष्ट त्यांनी केलेले असतात, फक्त सुरुवात डोळ्यांपासून झालेली असते.

आपण कन्नड कसं शिकलो ते आठवा. घरात मराठी, शाळा मराठी, आणि भाजी घ्यायला आजीबरोबर गेलं की 'एष्टु', 'बेकु', 'बेडा' कानावर पडायचं. 'बेकु'मध्ये अक्षरं किती, हे आपण कधी मोजलं नाही. शब्द आख्खा कानात शिरला आणि आख्खाच तोंडातून निघाला. लिपी पुष्कळांना नंतर आली. काही जणांना आजही येत नाही, पण त्यांचं बाजारात काही अडत नाही. मोर्स अगदी तसंच शिकायचं. 'के' म्हणजे रेघ-टिंब-रेघ असं नाही, 'के' म्हणजे डा-डि-डा. 'आर' म्हणजे डि-डा-डिट. तो आवाज ऐकला की हातानं अक्षर लिहून मोकळं व्हायचं, मध्ये कसला हिशेब नको.

लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात यावर काम केलं आणि त्याची पद्धत आजही सगळ्यात भरवशाची आहे. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगानं ऐकायचं, पण अक्षरं फक्त दोन घ्यायची. बहुतेक अ‍ॅप 'के' आणि 'एम'पासून सुरू करतात: डा-डि-डा, डा-डा. ही दोन उलटसुलट येत राहतात, तुम्ही लिहीत राहायचं. शंभरातली ९० बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर घ्यायचं. त्याला जोडून फार्न्सवर्थ पद्धत वापरावी. म्हणजे अक्षर वीसच्या वेगानंच वाजतं, पण दोन अक्षरांमधली फट मोठी ठेवतात. कानाला घडण खऱ्या वेगाची बसते आणि हाताला लिहायला सवड मिळते. पुढं फट कमी करत न्यायची. अक्षर मात्र कधी हळू करायचं नाही, एवढं एक पाळा.

काही जोड्या त्रास देणारच. एच चार टिंबांचा, एस तीन आणि ५ हा आकडा पाच. बी आणि ६ यांत एका टिंबाचा फरक. एल म्हणजे डि-डा-डि-डिट आणि एफ म्हणजे डि-डि-डा-डिट, हे दोन तर कित्येक आठवडे एकमेकांच्या जागी येऊन बसतात. तेवढीच जोडी वेगळी काढून ऐका. आणि अक्षर हुकलं तर कागदावर जागा सोडा आणि पुढं चला. हुकलेल्याच्या मागं गेलात तर पुढची तीन जातात. नवशिक्यांना मी सगळ्यात जास्त वेळा सांगत असेन तर हेच. सोडून देणं हा सरावाचाच भाग आहे आणि तो अवघड भाग आहे.

सराव सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा मिनिटं. रविवारी एकदम दोन तास बसून होत नाही, कान शिणतो आणि शिणलेला कान चुकीचंच पक्कं करतो. मधल्या वेळेला मी पोरांना रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर म्हणायला लावतो. आपल्याकडं हायवेला उभं राहिलं की किती तऱ्हेच्या पाट्या जातात! बेळगावच्या केए २२, चिकोडीच्या केए २३, गोकाकच्या केए ४९, कोल्हापूरकडून येणाऱ्या एमएच ०९, गोव्याच्या जीए. केए २२ म्हणजे डा-डि-डा, डि-डा, डि-डि-डा-डा-डा, डि-डि-डा-डा-डा. तोंडानं म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं. निपाणीपर्यंत एसटीनं गेलात तर आकडे पक्के होऊनच उतराल.

पाठवायला मी शिकलो ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तारमास्तरांकडून. नोकरीत त्यांनी काही वर्षं निपाणीला काढली होती, तंबाखूच्या भावाच्या तारा त्यांच्या हातातून गेल्या होत्या. त्यांच्या साउंडरला, म्हणजे तारेचा आवाज काढणाऱ्या यंत्राला, आपल्यासारखा सलग सूर नसायचा. की दाबली की एक 'कट्', सोडली की दुसरा 'कट्', आणि त्या दोहोंमधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ओळखायचं. आमची बीप त्यांना सुरुवातीला परकी वाटली, पण थोड्याच वेळात पेन्सिल चालायला लागली. ते लिहीत असताना मी बघत होतो. पेन्सिल आवाजाबरोबर चालत नव्हती. आवाज दोन-तीन अक्षरं पुढं गेलेला असायचा आणि ते मागचं शांतपणे लिहीत यायचे, मध्येच चष्मा वर सरकवायचे, तरी एक अक्षर सुटायचं नाही. असं मागं राहून लिहायची सवय मला लागली ती तिथून.

त्यांनी माझा हातही बसवला. कीची गुंडी अंगठा आणि दोन बोटांत हलकी धरायची, वरून ठोकायची नाही. हालचाल मनगटातून यायला हवी, बोटांतून आली की पंधरा मिनिटांत पोटरीत आल्यासारखे गोळे हातात येतात. कीच्या दोन टोकांमधली फट पोस्टकार्ड सरकेल एवढी. आधी साधी सरळ कीच घ्या. पॅडल घेतलं की टिंबं-रेघा मशीन मोजून देतं, हाताला लय येत नाही. पॅडल नंतर जरूर घ्या, माझ्याकडंही आहे. आणि घेणं जमायच्या आधी पाठवणं सुरू करू नका. स्वतः पाठवलेलं स्वतःला कळतंच, त्यात कानाची परीक्षा होत नाही.

आता दुसरा प्रश्न, तोही नेहमीचा: "पण आज हे कशाला?" जहाजांनी मोर्सवर भरवसा ठेवणं १९९९ मध्ये संपवलं. हॅम लायसन्ससाठी मोर्स आलंच पाहिजे ही आंतरराष्ट्रीय अट २००३ मध्ये निघाली. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हे सगळं खरं आहे. पूर-वादळात उपयोगी पडेल म्हणून शिका, असंही मी सांगत नाही. तिथं आज बोलण्याचे सेट जास्त कामाला येतात आणि तेच बरोबर आहे.

मी सांगतो ते वेगळं. बोलण्याच्या सिग्नलला साधारण अडीच किलोहर्ट्‌झ जागा लागते, मोर्सला दीडशे हर्ट्‌झच्या आसपास. सगळी ताकद एका बारीक रेषेत जाते, त्यामुळं ५ वॉटचा घरी जोडलेला छोटा सेटही लांब पोचतो. मोठ्या रिगला पैसे नसलेल्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ७ मेगाहर्ट्‌झची डायपोल अँटेना म्हणजे दोन्हीकडं दहा-दहा मीटर तार. माझी एका बाजूनं गच्चीच्या पाइपला आणि दुसऱ्या बाजूनं मागच्या फणसाला बांधलेली आहे. दिवसा तिच्यावर पुणे, बेंगळुरू येतं, रात्री परदेश. एप्रिल-मेमध्ये वळीव जवळ आला की बँडवर नुसता कडकडाट चालू होतो. बोललेलं त्यात एक वाक्य लागत नाही, पण डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा असं कुणाचं तरी 'सीक्यू', म्हणजे 'कुणी आहे का' ही हाक, त्यातूनही वर येतं. (ढग डोक्यावर यायच्या आत अँटेनाची वायर रिगमधून काढून ठेवा, त्यात हयगय नको.)

आणि समोरचा माणूस. तुम्ही 'क्यूआरएस' पाठवलंत, म्हणजे जरा हळू, की वीसनं चालणारा आठवर उतरतो आणि तुमच्या वेगानं शेवटपर्यंत थांबतो. तसा रिवाजच आहे. नाव, गाव, सिग्नलचा रिपोर्ट, शेवटी '७३', म्हणजे शुभेच्छा, एवढ्यात पहिली गाठभेट होते. क्यू-कोड, म्हणजे 'क्यूआरएस'सारखे तीन अक्षरी संकेत, सगळ्यांचे एकच, त्यामुळं जपानच्या माणसाशीही आणि धारवाडच्याशीही मी त्याच शब्दांत बोलतो. धारवाडचे एक जण माझे जुने सोबती. घरात ते कन्नड बोलतात हे मला ते बेळगावला भेटायला आले तेव्हा कळलं. तोवर त्यांच्या हाताची लय मला इतकी ओळखीची झाली होती की कॉल साईन, म्हणजे त्यांच्या स्टेशनचं नाव, यायच्या आधीच मी पेन्सिल उचलायचो.

रेडिओ नसेल तर थांबू नका. इंटरनेटवर लोकांनी खुले ठेवलेले वेब एसडीआर रिसीव्हर आहेत, ते मोबाईलवर चालतात. ७ मेगाहर्ट्‌झच्या अगदी खालच्या टोकाला, ७.००० ते ७.०४० च्या मध्ये रात्री फिरा. सगळं कळायची गरज नाही, आधी फक्त 'सीक्यू' ओळखा. अ‍ॅपमध्ये 'के' आणि 'एम' आजच लावा. चार-पाच अक्षरं झाली की बेळगावच्या शहापुरात माझ्या घरी या. की तोवर विकत घेऊ नका, माझ्याकडच्या दोन-तीन हाताळून बघा आणि मग ठरवा.