शंभरचा बल्ब

मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणाऱ्या दुकानात काउंटरमागच्या फळीवर एक पिवळा बल्ब असतो. उजेडाशी त्याचा संबंध नाही. उजेडाला ट्यूबलाइट आहे. हा सिरीजचा बल्ब, म्हणजे वस्तूच्या वाटेतच एकामागे एक जोडलेला; करंट दोघांतून जातो. दुखणाईत वस्तू थेट मेनवर लावायची नाही, आधी याच्या सिरीजमध्ये लावून बघायची, हा तिथला शिरस्ता.

बल्ब पेटलाच नाही, तर आत कुठेतरी वायर तुटलेली. मोबाइलचा धडधाकट चार्जर लावला तर क्षणभर लुकलुकून विझतो. लख्ख पेटला तर बहुधा शॉर्ट. तीच वस्तू थेट लावली असती तर एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, पडून दुकानभर अंधार. इथे सगळे २३० व्होल्ट एकट्या बल्बावर येतात आणि १०० वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा पुढे जाऊ देत नाही.

खरी गंमत चांगल्या इस्त्रीची. १००० वॉटची इस्त्री सिरीजवर लावली की ती जेमतेम कोमट होते आणि १०० वॉटचा बल्ब मात्र ऐटीत झगझगतो! दहापट ताकदीची वस्तू अशी निपचित का पडावी? दोघांतून करंट तर एकच जातो. बल्ब ‘करंट खातो’ असं आपण सर्रास म्हणतो, पण बल्बाच्या अलीकडे जेवढे अँपिअर, तेवढेच पलीकडे. वाटणी होते ती व्होल्टची, आणि तीही रोधाच्या, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या प्रमाणात. तापलेल्या बल्बाचा रोध सुमारे ५३० ओहम, इस्त्रीच्या कॉइलचा ५३. मग २३० पैकी २१०च्या आसपास बल्बच ओरपतो, इस्त्रीच्या पानात पडतात वीसेक. ओहम नावाच्या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली छापलेला नियम तो हाच. आम्ही तो ‘एकसर जोडणी’ या मथळ्याखाली मार्कांपुरता घोकला आणि सोडून दिला.

शिवाय बल्बाचा रोध कायम सारखा नसतो. फिलामेंट गार असताना तो तापलेल्याच्या साधारण दहावा हिस्साच असतो. म्हणून हलक्या वस्तूला बल्ब फारसा आडवा येत नाही. करंट वाढला की तापतो आणि अडून बसतो. टंगस्टनच्या एका तारेला एवढी समज पुष्कळ झाली.

एलईडी बल्बाला हे काम जमत नाही, कारण त्याच्या पोटात त्याचंच वेगळं सर्किट असतं. घरोघरी एलईडी आले आणि शंभरचा बल्ब शोधावा लागू लागला. त्यामुळे आमचा दुकानदार गिऱ्हाइकांना सांगतो, “घरात जुने बल्ब असतील तर टाकू नका, मला आणून द्या.” माळ्यावर सापडले ते मी नेऊन दिले. इस्त्रीची मजुरी मात्र त्याने पूर्ण घेतली.